द्राक्षमळ्यातील पाहुणे आणि गावाचा वाटा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



जानेवारी-फेब्रुवारीच्या दिवसांत नाशिकहून गंगापूर धरणाच्या बाजूला जाणारा रस्ता दोन वेळा भरून वाहतो. पहाटे पेठ, सुरगाणा, हरसूल या भागांतून मजुरांच्या टोळ्या जीपगाड्यांत दाटीवाटीने बसून द्राक्षमळ्यांकडे निघतात. आणि शनिवार-रविवारी दुपारनंतर मुंबई, ठाणे, पुणे येथील मोटारींची रीघ त्याच मळ्यांकडे लागते. सकाळच्या मंडळींनी एका हंगामात तोडलेला माल पुढे दुपारच्या मंडळींच्या पेल्यात उतरतो. पण या दोन गर्दींची गाठ कधी पडत नाही. दुसऱ्या गर्दीला पर्यटन म्हणतात. पहिलीला कोणी पर्यटन म्हणत नाही, तिला स्थलांतर म्हणतात.

वाइन-पर्यटन, म्हणजे द्राक्षमळा पाहणे, वाइन कशी तयार होते ते समजून घेणे, ती चाखणे, तेथेच जेवणे आणि जमल्यास मुक्काम करणे, हा ग्रामीण विकासाचा नवा राजमार्ग आहे असे गेली पंचवीस वर्षे सरकारी धोरणांतून आणि उद्योजकांच्या व्यासपीठांवरून सांगितले जात आहे. समाजवादी कार्यकर्त्याची याबाबतची प्रतिक्रिया बहुधा दोनपैकी एक असते. एक तर दारूबंदीच्या परंपरेला स्मरून तो या विषयाकडे पाठ फिरवतो. किंवा शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळत असेल तर आपण कशाला आडवे यावे, असे म्हणून गप्प राहतो. दोन्ही प्रतिक्रियांत मूळ आर्थिक प्रश्न विचारायचाच राहून जातो. गावात येणारा पैसा आणि गावात राहणारा पैसा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांतील अंतर कोण ठरवतो, हा तो प्रश्न होय.

त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. वाइन-पर्यटनाची सुरुवात सुबत्तेतून झाली असे अनेकांस वाटते. वस्तुतः ती झाली न खपलेल्या मालातून. १९३४ साली फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात मंदीमुळे तळघरे भरून राहिली होती. तेव्हा न्वी-सें-जॉर्ज या गावातील काही मंडळींनी जुन्या सरदारी थाटाचा एक पानबंधू संघ स्थापन केला आणि बड्या पाहुण्यांना मेजवान्या देऊन मालाची कीर्ती पसरवण्यास आरंभ केला. पुढल्याच वर्षी, १९३५ च्या ऑक्टोबरात, जर्मनीच्या पॅलाटिनेट भागात ‘जर्मन वाइन मार्ग’ सुरू झाला. हे श्रेय घेणारा पुढारी होता नाझी पक्षाचा प्रांतिक नेता योसेफ ब्युर्केल. १९३४ आणि १९३५ ही दोन्ही वर्षे अमाप पिकाची होती. आणि ज्या ज्यू व्यापाऱ्यांमार्फत त्या भागातील वाइन मोठ्या प्रमाणावर खपत असे त्यांना नाझी राजवटीने व्यापारातून हुसकावून लावले होते. गिऱ्हाइकाकडे माल नेणारा माणूसच हाकलून दिल्यावर मालाकडे गिऱ्हाईक आणणे भाग पडले. आज त्या रस्त्यावरून सायकली दामटणाऱ्या हौशी प्रवाशांपैकी किती जणांना हे ठाऊक असते कोण जाणे!

हे सांगण्याचा हेतू पर्यटनाला जन्मतःच कलंकित ठरवण्याचा नाही. मुद्दा एवढाच की, पाहुण्यांना आमंत्रण दिले जाते ते बाजार डळमळीत असतो तेव्हा. आणि बाजार डळमळीत असताना जोखीम कोणाच्या खांद्यावर आहे हे पाहिल्यावाचून पाहुण्यांची संख्या मोजण्यात अर्थ नाही.

आता नाशिककडे वळू. नाशिकचे द्राक्ष हे मुळात खाण्याचे द्राक्ष. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांनी ते घडवले. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाची स्थापना १९६० ची. निर्यातीसाठी ‘महाग्रेप्स’ हा सहकारी संस्थांचा संघ उभा राहिला तो १९९१ साली. वाइनचा उद्योग त्या मानाने अलीकडचा. १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन तयार होऊ लागली. नाशिकजवळ सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि २००५ साली तिने पाहुण्यांसाठी टेस्टिंग रूम उघडली. दरम्यान २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून राज्यातील द्राक्षांपासून होणाऱ्या वाइनला उत्पादनशुल्कातून सूट दिली. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आखले. पुढे विक्रीवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के उत्पादकाला परत देण्याची योजनाही आली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सुलाचे समभाग शेअर बाजारात आले.

एवढा सरकारी टेकू मिळालेल्या या धंद्यातील शेतकऱ्याचे स्थान काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. वाइनची द्राक्षे म्हणजे शेनिन ब्लांक, सोव्हिन्यों ब्लांक, शिराझ, कॅबर्ने वगैरे जाती. मणी बारीक, साल जाड, आत बी. टोपलीत घालून बाजारात नेली तर त्यांना कोणी विचारणार नाही. थॉमसन सीडलेसचा बागाईतदार एका व्यापाऱ्याने भाव पाडला तर दुसऱ्याकडे जातो, तेही न जमल्यास बेदाणा करतो. वाइनची द्राक्षे लावणाऱ्याला हे दोन्ही दरवाजे बंद. त्याचा खरेदीदार एकच, ज्याच्याशी त्याने दीर्घ मुदतीचा करार केला ती वायनरी. अर्थशास्त्रात जिला खरेदीदाराची मक्तेदारी म्हणतात तिचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही क्वचितच सापडेल. करारात भाव ठरलेला असतो हे खरे, आणि चांगल्या वर्षी त्याचा शेतकऱ्याला आधारही वाटतो. लागवडीचा खर्च कमी, फवारण्या कमी, अवकाळी पावसाची धास्ती खाण्याच्या द्राक्षाइतकी नाही. म्हणूनच शिकलेल्या, थोडे भांडवल बाळगून असलेल्या बागाईतदारांनी हा मार्ग धरला, त्यात त्यांची काही चूक नव्हती.

कसोटीची वेळ आली २००८-०९ साली. जगभर मंदी आली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर अतिरेकी हल्ला झाला आणि बड्या हॉटेलांतील वर्दळ ओसरली. वाइनचा खप घटला. टाक्या आधीच्या हंगामाच्या मालाने भरलेल्या असताना नव्या हंगामाची द्राक्षे वेलीवर पिकली. अनेक वायनऱ्यांनी माल उचलला नाही, कोणी उचलून पैसे थकवले. वाइन पार्कच्या भरवशावर निघालेल्या छोट्या वायनऱ्यांपैकी कित्येक बंद पडल्या. शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. द्राक्षाची बाग उपटणे म्हणजे चार-पाच वर्षांची कमाई आणि उमेद मातीत घालणे. लोखंडी अँगल, तारा, ठिबक यांसाठी काढलेले कर्ज मात्र उपटता येत नाही. अशा संकटात कारखानदाराला दिवाळखोरीच्या कायद्याचे छत्र असते. मळेवाल्याच्या दारात वसुलीची नोटीस येते.

याच पडझडीनंतर नाशिकमध्ये पर्यटनाचा जोर वाढला, हा योगायोग नव्हे. दुकानात बाटली विकली तर घाऊक व्यापारी, किरकोळ व्यापारी आणि प्रत्येक राज्याचा निराळा कर यांचे वाटे जातात. मळ्याच्या दारात विकलेल्या बाटलीचा बराचसा भाग वायनरीच्याच गल्ल्यात पडतो. शिवाय चाखण्याचे शुल्क, जेवण, खोलीभाडे हे वेगळे. सुलाच्या मळ्यात वर्षाला तीन लाखांच्या आसपास माणसे येतात असे कंपनीच सांगते. वायनरीच्या दृष्टीने पर्यटन हा मंदीवरचा उत्तम उतारा ठरला. पण तिला द्राक्षे पुरवणाऱ्या शेतकऱ्याच्या करारात त्यामुळे काय फरक पडला? पाऊण लिटरच्या बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्षे लागतात. ती बाटली दुकानात खपो, मळ्यातील हिरवळीवर दुप्पट किमतीला खपो की संगीत महोत्सवात खपो, शेतकऱ्याला मिळतो तो किलोचा ठरलेला भाव. पाहुण्यामुळे निर्माण झालेले अधिक मूल्य त्याच्या बांधावरून जाते, बांधाच्या आत येत नाही.

हे मूल्य गावातील इतर हातांत तरी पडते का? येथे नाशिकच्याच जुन्या पर्यटनाशी तुलना करून पाहावी. पंचवटीला आणि त्र्यंबकेश्वराला शतकानुशतके यात्रेकरू येत आले. त्या व्यवहारातील शोषण, पुरोहितशाही, अंधश्रद्धा यांवर समाजवाद्यांनी टीका केली आणि ती योग्यच होती. परंतु निव्वळ अर्थव्यवहार म्हणून पाहिले तर यात्रेकरूचा रुपया अनेक हातांतून फिरत असे. टांगेवाला, फुलवाला, खाणावळवाली, भांडी विकणारा तांबट, चिवडेवाला, केशकर्तन करणारा, नावाडी, प्रत्येकाला त्यातला आणा-दोन आणे मिळत. नव्या पाहुण्याची गाडी मुंबईत निघते ती थेट फाटकाच्या आत थांबते. खाणे आत, पिणे आत, झोपणे आत, आठवण म्हणून घ्यायचा टी-शर्टही आतच. भाजी गावातील शेतकऱ्याची असू शकेल, पण चीज, मांस, चादरी, रंगकाम, जाहिरात आणि व्यवस्थापक हे सगळे शहरातून येते. पर्यटनाच्या अर्थशास्त्रात हिला गळती म्हणतात. गावातील तरुणांना नोकऱ्या मिळतात, हे नाकारण्याचे कारण नाही. वाढपी, माळी, पहारेकरी, आणि ज्यांना इंग्रजी येते त्यांना थोडे वरचे काम. दहावी-बारावी झालेल्या पोराला घराजवळ महिन्याचा पगार मिळणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. मात्र एका बाजूचा हिशेब मांडताना दुसऱ्या बाजूचाही मांडावा. खाण्याच्या द्राक्षाला विरळणी करणे, घड बुडवणे, घड निवडून पेटीत भरणे अशी असंख्य कामे असतात. वाइनच्या द्राक्षाला त्यांतील बरीचशी लागत नाहीत. खाण्याच्या द्राक्षाची जागा वाइनच्या द्राक्षाने घेतली तर एकरी मजुरीचे दिवस घटतात, आणि ते घटतात पेठ-सुरगाण्याच्या कोकणा, वारली, महादेव कोळी स्त्रीपुरुषांचे. नव्या नोकऱ्या मिळतात त्या मात्र बहुधा दुसऱ्यांना.

हे मजूर कोण आहेत याची ओळख मार्च २०१८ मध्ये मुंबईकरांना झाली. नाशिकहून निघालेल्या किसान मोर्चात रक्ताळलेल्या पायांनी चालणाऱ्यांत वनहक्काची जमीन मागणारे आदिवासी फार मोठ्या संख्येने होते. स्वतःची कसती जमीन नावावर नाही म्हणून ज्यांना दुसऱ्याच्या बागेत छाटणीला जावे लागते, त्यांचा प्रश्न बागेच्या सौंदर्याने सुटत नाही.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव या संदर्भात डोळे उघडणारा आहे. केप प्रांतातील स्टेलनबॉश येथे १९७१ साली तीन मळेवाल्यांनी मिळून पर्यटकांसाठी वाइन मार्ग सुरू केला. पांढऱ्या भिंतींचे टुमदार डच वाडे, मागे निळे डोंगर. जगातील अत्यंत देखण्या पर्यटनस्थळांत त्याची गणना होते. त्याच मळ्यांत शेतमजुरांना मजुरीचा भाग म्हणून दिवसातून अनेकदा वाइन पाजण्याची ‘डॉप’ पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. कायद्याने बंद झाल्यावरही ती बरीच वर्षे रेंगाळली. आणि गर्भावस्थेतच मद्याने बाधित झालेल्या बालकांचे जगातील अतिशय मोठे प्रमाण त्या प्रांतात आढळले. वर्णद्वेषी राजवट १९९४ साली गेली, पर्यटक वाढले, निर्यात वाढली. तरीही २०१२ च्या अखेरीस डी डोर्न्स या द्राक्षांच्या गावातून शेतमजुरांचा संप भडकला तेव्हा त्यांची किमान मजुरी दिवसाला ६९ रँड होती. मार्च २०१३ पासून ती १०५ रँड झाली, ती पर्यटकांच्या कृपेने नव्हे, संपाने. नाशिकमध्ये डॉपसारखी पद्धत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तुलना तेथे संपते. पण देखणा मळा म्हणजे सुखी मळा नव्हे, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

जमीन आणि पाणी यांबाबत दोन शब्द पुरेत. महाराष्ट्राच्या कुळकायद्याने बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास मनाई केली होती. उद्योगाच्या नावाने त्याला वाटा फोडण्यात आल्या. धरणाच्या काठची जमीन पिकासाठी नव्हे, देखाव्यासाठी विकली जाऊ लागली की तिचा भाव पिकाच्या हिशेबात बसत नाही. शेजारच्या शेतकऱ्याच्या मुलाला तेथे एकर घेणे जन्मात शक्य होत नाही, आणि विकणे मात्र फार सोपे होते. पाण्याबाबत वाइनच्या वेलीवर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल, कारण तिला खाण्याच्या द्राक्षाहून पाणी कमी लागते. तरी १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असला तर गंगापूर-दारणेच्या धरणांतून खाली पाणी सोडावे लागते आणि नाशिक विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटतो. त्या खोऱ्यातील प्रत्येक नव्या जलतरण तलावाचा आणि हिरवळीचा हिशेब जाहीर असला पाहिजे.

आता दारूच्या प्रश्नाकडे. त्याला बगल देऊन चालणार नाही. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे हित हेच कारण पुढे करण्यात आले. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधी पक्षांनी रान उठवले आणि निर्णय अंमलात आला नाही. वाइन म्हणजे दारूच नव्हे, हा त्या वेळचा युक्तिवाद वैद्यकशास्त्राला धरून नव्हता. मद्यार्क तो मद्यार्कच. शिवाय राज्यात पिकणाऱ्या एकूण द्राक्षांत वाइनच्या द्राक्षांचा वाटा शेकडा पाचही नाही. एवढ्या अल्प पिकाच्या नावाने साऱ्या द्राक्ष शेतकऱ्यांचे कल्याण होईल असे सांगणे ही निव्वळ धूळफेक होती.

पण विरोधकांच्या भूमिकेतही एक मोठे छिद्र होते. याच नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात मोहाच्या फुलांची दारू गाळणाऱ्या माणसावर इंग्रजांच्या अबकारी कायद्यापासून आजवर पोलिसी कारवाई होत आली आहे. वेलीच्या फळापासून झाली तर शेतीमालावर प्रक्रिया, आणि रानातल्या फुलापासून झाली तर गुन्हा! मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या मद्याला वारसा म्हणून मान्यता देण्याचे धोरण २०२१ नंतर आखले. ते योग्य की अयोग्य हा स्वतंत्र विषय. भेद उघड आहे तो पिणाऱ्याच्या वर्गाचा. ज्यांच्या नवऱ्यांनी हातभट्टीपायी संसार उधळले त्या बायकांना हा भेद पुस्तकांतून शिकावा लागत नाही. महाराष्ट्रातील स्त्रियांनी लढून आडवी बाटली-उभी बाटली हे मतदान मिळवले. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला तर दुकान बंद होते. हा अधिकार दुकानापाशी थांबण्याचे काही कारण नाही. गावाच्या शिवारात टेस्टिंग रूम, महोत्सव, परमिट रूम असलेले निवासस्थान यांना परवानगी देण्याआधी महिलांच्या ग्रामसभेचे मत घ्यावे. जेथे त्या नाही म्हणतील तेथे नाही.

जेथे हो म्हणतील तेथे काय? येथे समाजवादी चळवळीच्याच इतिहासातील एक पान उलगडण्यासारखे आहे. दक्षिण फ्रान्सच्या लांगदोक भागात विसाव्या शतकाच्या आरंभी वाइनचे भाव कोसळले. भेसळीची साखरवाइन, अतिरिक्त पीक, आणि दलालांच्या मुठीत सापडलेले छोटे मळेवाले. १९०७ साली मार्सेलँ आल्बेर नावाच्या एका साध्या मळेवाल्याच्या मागे लाखो माणसे रस्त्यावर आली. नार्बोनमध्ये लष्कराच्या गोळ्यांनी माणसे मेली. शेतकऱ्यांचीच मुले असलेल्या सतराव्या पलटणीच्या शिपायांनी बंड केले. या उद्रेकाच्या सहा वर्षे आधी, १९०१ साली, त्याच भागातील मारोसाँ या खेड्यात छोट्या मळेवाल्यांनी ‘मुक्त द्राक्षबागाईतदार’ या नावाची सहकारी संस्था काढली होती. त्यांनी दलालाला फाटा देऊन पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक-सहकारी संस्थांना थेट वाइन विकली आणि सामायिक तळघर बांधले. फ्रेंच समाजवादी नेते जाँ जोरेस १९०५ साली ते पाहायला मुद्दाम मारोसाँला गेले. तसे पाहिले तर वाइन पाहायला खेड्यात गेलेल्या सुरुवातीच्या पाहुण्यांत त्यांचीही गणना करायला हरकत नाही! पुढील दशकांत लांगदोकच्या गावोगावी सहकारी तळघरे उभी राहिली. त्यांतही वाद झाले, निकृष्ट माल झाला, कित्येक संस्था विलीन झाल्या. पण गावात येणारा पाहुणा ज्या दारातून आत शिरतो ते दार तेथे गावाच्या मालकीचे होते.

महाराष्ट्रात सहकाराचे नाव काढले की आज श्रोते हसतात. प्रवरानगरला १९५० साली जे सुरू झाले त्याचे पुढे पुढाऱ्यांनी काय केले, हे त्याचे कारण. वाइनमध्ये आणखी एक अडचण आहे. ऊस गाळला की साखर महिन्या-दोन महिन्यांत विकता येते, वाइन मात्र टाकीत आणि पिंपात अडकून पडते. शेतकऱ्याला पैसे तर मार्चअखेर सोसायटीच्या भरण्याआधी हवे असतात. मधल्या काळाचे भांडवल कोण पुरवणार? जिल्हा बँकांच्या आजच्या प्रकृतीकडे पाहता त्यांच्यावर विसंबता येत नाही. मात्र हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी दिंडोरी तालुक्यातील मोहाडीला जाऊन ‘सह्याद्री’ ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी पाहावी. द्राक्षनिर्यातीसारखा काटेकोर, भांडवलखाऊ धंदा तेथे शेतकरी-सभासदांच्या मालकीच्या संस्थेने उभा केला आहे. जे परदेशी बाजारासाठी जमले ते शनिवारच्या पाहुण्यासाठी जमणार नाही असे मानण्यास आधार नाही. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात वैयक्तिक शेतकऱ्याबरोबर सहकारी संस्थांनाही स्थान आहे.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. १६ टक्क्यांचा परतावा हा जनतेचा पैसा आहे. तो देताना शेतकऱ्याशी केलेल्या कराराची प्रत सरकारकडे नोंदवणे, माल न उचलल्यास भरपाई देणे आणि छाटणी-काढणीच्या टोळ्यांना किमान वेतन दिल्याचा पुरावा जोडणे या शर्ती घालाव्यात. टेस्टिंग रूमच्या उत्पन्नावर प्रवेशामागे ठरावीक रक्कम ग्रामपंचायतीला मिळावी, आणि तिच्यातून मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवावीत. आई-बाप छाटणीला आले की पोरे एक तर शाळा सोडून बागेत येतात किंवा पेठला आजीजवळ उपाशी-अर्धपोटी राहतात. करारबद्ध शेतकऱ्यांनी एकेकट्याने सही करण्याऐवजी गावाच्या संघामार्फत करार करावेत. हे काम आपल्या कार्यकर्त्यांना कोणत्याही सरकारी निर्णयाची वाट न पाहता या एप्रिलच्या खरड छाटणीपूर्वी हाती घेता येईल. दिंडोरी आणि निफाडच्या किती गावांत असे करार आहेत, त्यांच्या मुदती केव्हा संपतात आणि ते कोणत्या भाषेत लिहिलेले आहेत, याची यादी तालुका समित्यांनी आधी तयार करावी.